शब्दघटक वर्ण आणि देवनागरी स्वरचिन्हे
मुक्तस्रोत साधनसंचांच्या प्रलेखनाचा एक प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

भाषेच्या अभ्यासात संगणकाचे साहाय्य घेणे ही आता अपवादात्मक गोष्ट राहिलेली नाही. शब्दांची वारंवारता मोजणे, दोन बोलींतील शब्दसंग्रहांची तुलना करणे, एखाद्या प्रत्ययाचा आढळ शोधणे इत्यादी कामे पूर्वी कागदी चिठ्ठ्यांवर होत असत. ती आज पायथन या संगणकभाषेत रचलेल्या साधनसंचांच्या द्वारे अल्पावधीत होतात. हे संच बहुधा मुक्तस्रोत असतात. म्हणजे त्यांची मूळ आज्ञावली कोणासही वाचता येते, विनामूल्य वापरता येते आणि तीत सुधारणाही सुचविता येते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००१ साली आरंभ झालेला ‘नॅचरल लँग्वेज टूलकिट’ (यापुढे एनएलटीके) हा भाषाभ्यासकांना सर्वाधिक परिचित असा संच होय. त्याच्या संग्रहात बंगाली, हिंदी व तेलुगू या भाषांबरोबर मराठीचाही शब्दजातीनिर्देशयुक्त नमुना समाविष्ट आहे. ‘सायकिट-लर्न’ हा दुसरा संच २००७ साली सुरू झाला. तो मुख्यतः सांख्यिकी वर्गीकरणासाठी आहे. तथापि त्यातील शब्दगणनेचे साधन भाषाविषयक प्रबंधांतून वारंवार योजिले जाते.

अशा प्रत्येक संचाबरोबर त्याच्या वापराचे नियम, प्रत्येक घटकाचे वर्णन आणि उदाहरणे दिलेली असतात. यालाच व्यवहारात डॉक्युमेंटेशन म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘प्रलेखन’ हा शब्द वापरला आहे. साधनाची अंतर्रचना वाचण्याइतके ज्ञान बहुसंख्य अभ्यासकांजवळ नसते. त्यांच्या दृष्टीने प्रलेखनात जे सांगितले तेच साधनाचे स्वरूप होय. अशा स्थितीत प्रलेखनातील एखादे विधान एका लिपीपुरते खरे आणि दुसरीच्या बाबतीत भ्रामक असेल, तर त्याचे परिणाम थेट संशोधनाच्या निष्कर्षांपर्यंत पोचतात. असे एक विधान देवनागरीच्या बाबतीत अस्तित्वात आहे. त्याचे स्वरूप स्पष्ट करणे, आणि ते सुधारण्याचे काम मुळात भाषाशास्त्राचे आहे हे दाखविणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

२. आठ तालुक्यांची कसोटी

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याचे आठ तालुके असे: गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव. ही नावे सायकिट-लर्नमधील शब्दगणनेच्या साधनास, त्याच्या मूळ मांडणीत काहीही फेरफार न करता, मोजण्यासाठी दिली असता जे हाती येते ते विचार करण्यासारखे आहे.

गोंदिया, तिरोडा व गोरेगाव ही तीन नावे गणनेतून समूळ नाहीशी होतात. आमगावच्या ठिकाणी ‘आमग’ उरते; सालेकसातून ‘कस’ आणि देवरीतून ‘वर’ एवढेच शिल्लक राहते. अर्जुनीचा ‘अर’ होतो, मोरगावचा ‘रग’. केवळ ‘सडक’ हा एकच शब्द जसाच्या तसा टिकतो, आणि तोही त्यात एकही स्वरचिन्ह नाही म्हणून.

यात दोन गोष्टी विशेष चिंतेच्या आहेत. पहिली ही की, साधन कोणतीही चूक झाल्याचे कळवीत नाही. काम सुरळीत पार पडते, शब्दांची यादी तयार होते, आकडे छापले जातात. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. उरलेल्या तुकड्यांपैकी ‘कस’, ‘वर’ व ‘रग’ हे मराठीतील खरोखरीचे शब्द आहेत. हजारो शब्दांच्या यादीत ते दिसले तर वाचणाऱ्यास शंका येण्याचे कारण नाही. ‘वर’ या शब्दाची वारंवारता वाढली असेल, तर ती शब्दयोगी अव्ययामुळे वाढली की देवरी तालुक्यामुळे, हे त्या यादीवरून कधीच कळणार नाही.

कधीकधी तर हा दोष गुणासारखा भासतो. घरात, घरी, घराला, घरे या सर्वांपासून एकच ‘घर’ हाती येते. साधनाने प्रत्यय वेगळे करून मूळ प्रातिपदिक ओळखले, असा समज नवख्या विद्यार्थ्याचा होणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु त्याच न्यायाने ‘गावात’ या रूपातून काहीच हाती येत नाही. आणि मुलगा, मुलगी, मुलगे या तिन्ही रूपांचा ‘लग’ असा एकच अवशेष उरतो. लिंग व वचन यांचा भेद जेथे नष्ट झाला, तेथे रूपविचाराला आधारच राहत नाही.

३. कारणमीमांसा

या घटनेचे मूळ ‘शब्दघटक वर्ण’ या कल्पनेत आहे. संहितेतून शब्द वेगळे करण्यासाठी ही साधने रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे वर्णांच्या क्रमाचे वर्णन करणारी संक्षिप्त सूत्रे वापरतात. या सूत्रांत तिरकी रेघ व तिच्यापुढे डब्ल्यू हे रोमन अक्षर मिळून एक संकेत होतो. ‘शब्दाचा घटक होणारा कोणताही एक वर्ण’ असा त्याचा अर्थ. सायकिट-लर्नमधील मूळ सूत्र असे शब्दघटक वर्ण सलग दोन किंवा अधिक असतील तरच त्यांस शब्द मानते.

शब्दघटक वर्ण कोणता हे पायथन युनिकोडमधील वर्गीकरणावरून ठरविते. युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णास एक वर्ग दिलेला असतो. अक्षरे एका वर्गात, अंक दुसऱ्यात, आणि दुसऱ्या वर्णास जोडून येणारी चिन्हे तिसऱ्यात. पायथनच्या मते अक्षरे, अंक आणि अधोरेखा एवढेच शब्दघटक होत. देवनागरीतील अ, आ, इ इत्यादी स्वतंत्र स्वर व सर्व व्यंजने अक्षरवर्गात मोडतात. परंतु काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार व हलन्तचिन्ह ही सर्व जोडचिन्हांच्या वर्गात आहेत. परिणामी प्रत्येक स्वरचिन्हापाशी शब्द तुटतो.

‘गोंदिया’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोडच्या हिशेबाने त्यात सात वर्ण आहेत: ग, काना-मात्रा, अनुस्वार, द, ऱ्हस्व वेलांटी, य आणि काना. यांपैकी ग, द व य हे तीनच शब्दघटक ठरतात, आणि ते परस्परांपासून तुटलेले असल्यामुळे ‘सलग दोन’ ही अट कोठेच पुरी होत नाही. एनएलटीकेमधील शब्द व विरामचिन्हे वेगळी करणारे एक साधन याच संकेतावर आधारलेले आहे. ते या एका नावाचे सहा तुकडे करते. त्याच संचातील दुसरे, अधिक प्रचलित साधन असे करीत नाही. पण या दोहोंतील हा भेद मराठी वाचकास आपण होऊन लक्षात येणे कठीण आहे.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा दोष कोणत्या प्रकारचा आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल. ‘आ’ हे स्वतंत्र अक्षर आणि काना हे चिन्ह एकाच स्वनिमाची दोन लेखनरूपे आहेत. शब्दारंभी किंवा स्वरानंतर पहिले येते, व्यंजनानंतर दुसरे. त्यांचा विनियोग परस्परपूरक आहे. वर्णनात्मक भाषाशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही अशा दोन रूपांना एका कोटीत घालील. साधन मात्र त्यांस दोन भिन्न कोटींत टाकते: ‘आम’ अखंड राहतो, ‘काम’ तुटतो. रोमन लिपीत स्वर व व्यंजन दोन्ही समान दर्जाची अक्षरे असल्यामुळे हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. फ्रेंचमधील स्वराघातयुक्त अक्षरेही सामान्यतः अखंड अक्षरे म्हणूनच साठविली जातात. म्हणजे ‘शब्दघटक’ या सर्वसामान्य नावाखाली एका विशिष्ट लिपिप्रकाराचे वर्णन दडलेले आहे.

युनिकोडच्या प्रमाणकांनी याबाबत मौन पाळले आहे असेही नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनविषयी युनिकोडने प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक प्रमाणकात शब्दघटक वर्णांत जोडचिन्हांचाही समावेश करावा अशी शिफारस आहे. पर्ल या संगणकभाषेत तसे केलेलेही आहे. पायथनमधील ही विसंगती २०११ साली दोष म्हणून नोंदविण्यात आली. तथापि जुन्या संकेतावर अवलंबून असलेल्या असंख्य आज्ञावली जगभर चालू आहेत. संकेताचा अर्थ एकाएकी बदलला तर त्यांची उत्तरेही बदलतील. म्हणून असा बदल करताना पालनकर्त्यांस पुष्कळ विचार करावा लागतो. प्रलेखन सुधारण्यात मात्र असा कोणताच धोका नाही. त्यायोगे कोणाचीही आज्ञावली बिघडत नाही. यास्तव पहिला उपाय तेथेच करणे शक्य आणि उचित आहे.

४. खरे विधान आणि उपयुक्त विधान

पायथनच्या प्रलेखनातील संबंधित वाक्याचा इतिहास येथे मार्गदर्शक ठरतो. पूर्वीच्या आवृत्त्यांत आशय असा होता की, कोणत्याही भाषेत शब्दाचा भाग होऊ शकणाऱ्या बहुतेक वर्णांचा या संकेतात समावेश होतो. हे वाक्य वाचून मराठी अभ्यासक निर्धास्त झाला तर त्यास दोष देता येणार नाही. ‘बहुतेक’ या शब्दाआड आपल्या लिपीतील सर्व स्वरचिन्हे वगळली गेली आहेत, अशी कल्पना कोण करील?

अलीकडच्या आवृत्त्यांत हे वाक्य बदलले. आता युनिकोडमधील सर्व अक्षर-अंकरूप वर्णांचा समावेश होतो, असे सांगून त्यांची व्याख्या ज्या आंतरिक कसोटीवर अवलंबून आहे तिचे नाव दिलेले असते. साधन पूर्वी होते तसेच आहे. परंतु विधान आता खरे झाले. ही प्रगती निःसंशय होय. तरीसुद्धा विधान खरे असणे आणि ते वाचकाच्या उपयोगी पडणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. काना किंवा वेलांटी या ‘अक्षर’ नाहीत हे ज्यास आधीच ठाऊक आहे, त्यालाच या नव्या वाक्याचा इष्ट बोध होतो. ज्यास बोधाची गरज आहे त्यास तो होत नाही. सायकिट-लर्नच्या प्रलेखनाची स्थिती अशीच आहे. दोन किंवा अधिक अक्षर-अंकरूप वर्णांचा शब्द धरला जातो आणि विरामचिन्हे सर्वस्वी वगळून ती शब्दांच्या सीमा मानली जातात, असे तेथे म्हटले आहे. वेलांटीस येथे व्यवहारतः विरामचिन्हाचीच वागणूक मिळते, हे त्या वाक्यात कोठेही आलेले नाही.

नियम बिनचूक सांगितला म्हणजे स्पष्टीकरण संपले, ही समजूत आपल्या व्याकरणपरंपरेने फार पूर्वीच नाकारली आहे. सूत्रातील पदे नुसती सुटी करून दाखविणे म्हणजे व्याख्यान नव्हे; उदाहरण, प्रत्युदाहरण आणि वाक्यात अनुक्त राहिलेल्या पदांची पूर्ती या तिन्हींनी मिळून व्याख्यान होते, असे पतंजलीने महाभाष्याच्या पस्पशाह्निकात प्रतिपादन केले आहे. उदाहरण नियम कोठे लागू होतो ते दाखविते, प्रत्युदाहरण तो कोठे लागू होत नाही ते दाखविते. आधुनिक प्रलेखनात उदाहरणांची वाण नाही. वाण आहे ती प्रत्युदाहरणांची. दिलेली उदाहरणे बव्हंशी इंग्रजीतील असल्यामुळे ज्या ठिकाणी नियम मोडतो ते ठिकाण वाचकाच्या दृष्टीस पडतच नाही.

या दृष्टीने विचार करता शब्दगणनेच्या साधनाची नोंद पुढील आशयाची असावी: ‘मूळ मांडणीत केवळ अक्षरे, अंक व अधोरेखा शब्दघटक धरल्या जातात. उदाहरणार्थ, सडक हा शब्द अखंड मिळतो. देवनागरी आणि तिच्यासारख्या लिप्यांतील स्वरचिन्हे, अनुस्वार व हलन्तचिन्ह शब्दघटक मानली जात नाहीत. त्यामुळे देवरी या शब्दातून केवळ वर मिळतो आणि गोंदिया हा शब्द गणनेत येत नाही. अशा लिपीतील संहितेसाठी स्वतःचे सूत्र किंवा स्वतःचे शब्दपृथक्करण योजावे.’ ही नोंद पाच वाक्यांची आहे. तिच्यामुळे एखाद्या प्रबंधाचे सबंध प्रकरण वाया जाण्यापासून वाचू शकेल.

प्रलेखन सुधारणे म्हणजे त्याचा मराठी अनुवाद करणे, असा एक समज आढळतो. अनुवाद उपकारक आहे, यात वाद नाही. परंतु ज्या वाक्यात देवनागरीचा अपवाद नोंदलेला नाही, त्याच्या मराठी अनुवादातही तो असणार नाही. भ्रामक वाक्य मराठीत आणल्याने ते अधिक विश्वसनीय मात्र वाटू लागेल. म्हणून आधी आशयाची दुरुस्ती, मग भाषांतर, हा क्रम योग्य होय.

५. उपायांचेही प्रत्युदाहरण

दोष दाखविणारी नोंद उपाय सांगत नसेल तर ती अपुरी राहील. आणि उपायही तपासून घेतला पाहिजे. पहिला सुचणारा उपाय असा की, शब्द म्हणजे देवनागरीसाठी युनिकोडमध्ये राखून ठेवलेल्या विभागातील वर्णांची सलग माला, असे सूत्र रचावे. याने गोंदियापासून मोरगावपर्यंत सर्व नावे अखंड मिळतात. परंतु वाक्यान्तीचा दंड त्याच विभागात असल्यामुळे, जुन्या पोथ्यांच्या किंवा पद्याच्या संहितेत तो आधीच्या शब्दास चिकटतो. त्यास सूत्रातून स्पष्टपणे वगळावे लागते.

याहून सूक्ष्म अडचण खास मराठीची आहे. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील आडवा अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठविला जातो. एका प्रकारात खालच्या टिंबाचा स्वतंत्र र आणि हलन्तचिन्ह असते; दुसऱ्यात साधा र, हलन्तचिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. छापील पृष्ठावर दोन्ही सारखेच दिसतात. परंतु हे अदृश्य जोडचिन्ह देवनागरी विभागाच्या बाहेरचे आहे. परिणामी वर सुचविलेले सूत्र दुसऱ्या प्रकारच्या लेखनात ‘शेतकर्’ आणि ‘यांना’ असे दोन तुकडे करील. धानउत्पादक जिल्ह्यातील वृत्तपत्रीय संहितेचा अभ्यास करणाऱ्यास हा शब्द किती वेळा लागेल, हे सांगणे नको. यास्तव सूत्रात जोडचिन्हाचा समावेश करणे आणि गणनेपूर्वी दोन्ही लेखनप्रकार एकरूप करून घेणे, या दोन्ही सूचना प्रलेखनात असणे अगत्याचे आहे. पायथनसाठी स्वतंत्रपणे मिळणारा ‘रेजेक्स’ नावाचा संच शब्दघटकांत जोडचिन्हे धरतो; त्याचा निर्देशही वाचकास उपयुक्त होईल.

६. बोलींच्या अभ्यासातील महत्त्व

प्रमाण मराठीच्या संहिता विपुल आहेत. त्यांच्या गणनेतील चूक दुसऱ्या कोणाच्या गणनेशी ताडून आज ना उद्या उघडकीस येईल. बोलींच्या बाबतीत अशी खात्री देता येत नाही. गोंदिया जिल्हा झाडीपट्टीचा भाग आहे. तेथे झाडीबोली, पोवारी व गोंडी या प्रमाण मराठी आणि हिंदीच्या शेजारी नांदतात. झाडीबोलीत प्रमाण मराठीतील ण-काराच्या ठिकाणी न-कार आणि ळ-काराच्या ठिकाणी र-कार आढळतो. पाणीचे ‘पानी’, डोळ्याचा ‘डोरा’ होतो. बोलीच्या वर्णनात अशाच भेदांना महत्त्व असते. आता पाणी, पानी, डोळा व डोरा हे चारही शब्द वर सांगितलेल्या साधनास दिले, तर चारांपैकी एकही गणनेत येत नाही. ज्या भेदाचा शोध घ्यावयाचा तोच भेद मोजणीच्या पहिल्या पायरीवर पुसला जातो, आणि ‘दोन संग्रहांत लक्षणीय फरक आढळला नाही’ असा निष्कर्ष निघू शकतो. अल्प सामग्री असलेल्या बोलीविषयी असे एखादे विधान एकदा छापले गेले की, पुढील अभ्यासक ते उद्धृत करीत राहतात.

गोंडीच्या बाबतीत हाच प्रश्न आणखी एका रूपात पुढे येतो. गोंदियास लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी निर्माण केलेल्या लिपीचा युनिकोडमध्ये २०१७ साली समावेश झाला. गुंजाळा गोंडी लिपीचा २०१८ साली. या लिप्यांतही स्वरचिन्हे व्यंजनांना जोडूनच येतात. म्हणजे देवनागरीसाठी लिहिलेले प्रत्युदाहरण थोड्या फरकाने त्यांनाही लागू पडेल.

७. भाषाभ्यासकाचे कार्य

हे काम संगणकतज्ज्ञांचे आहे, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु कोणते स्वरचिन्ह कोणत्या स्वनिमाचे रूप आहे, कोणते दोन लेखनप्रकार समान मानावेत, कोणते अल्पतम युग्म कसोटीस योग्य, हे ठरविण्यासाठी लागणारे ज्ञान भाषाशास्त्राचे आहे. साधनांचे पालनकर्ते बहुधा मराठी जाणत नाहीत; त्यांना हवे असते ते नेमके उदाहरण. मुक्तस्रोत संचांचे प्रलेखन आज्ञावलीबरोबरच ठेवलेले असते. कोणीही त्यात दुरुस्ती सुचवावी, पालनकर्त्यांनी ती तपासावी आणि मान्य झाल्यास पुढील आवृत्तीत समाविष्ट करावी, अशी तेथील रीत आहे. सुचविलेला बदल लहान, एकाच मुद्द्यापुरता आणि कोणासही पडताळून पाहता येईल असा असला, तर तो मान्य होणे सोपे जाते.

येथे आणखी एक सोय आहे. पायथनमध्ये २००१ सालापासून ‘डॉकटेस्ट’ नावाची व्यवस्था उपलब्ध आहे. प्रलेखनात दिलेले उदाहरण ती प्रत्यक्ष चालवून पाहते, आणि मिळालेले उत्तर छापील उत्तराशी जुळत नसेल तर तसे कळविते. एनएलटीके व सायकिट-लर्न या दोन्ही संचांत तिचा उपयोग केला जातो. त्यामुळे प्रलेखनात घातलेले मराठी उदाहरण हे वाचकासाठी स्पष्टीकरण असते, आणि त्याच वेळी साधनासाठी कायमची परीक्षाही असते. पुढे कोणी आज्ञावलीत बदल केला आणि त्यामुळे ‘गोंदिया’ या शब्दाचे पृथक्करण निराळे होऊ लागले, तर ते त्या आवृत्तीच्या तपासणीतच दिसून येईल.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य, ध्वनिलेखन व संहितासंपादन यांचे शिक्षण दिले जाते. वापरावयाच्या साधनास प्रथम दहा-वीस निवडक मराठी शब्दांची कसोटी लावणे, निष्पन्न काय झाले ते प्रबंधात नोंदणे आणि आढळलेले प्रत्युदाहरण त्या साधनाच्या प्रलेखनासाठी पाठविणे, या तीन गोष्टी त्या शिक्षणाचा भाग होण्यास हरकत नसावी. कसोटीची यादी तयार करण्यास कोणतीही विशेष सामग्री लागत नाही. आपल्या जिल्ह्यातील तालुक्यांची नावे, बोलीतील काही अल्पतम युग्मे आणि ‘शेतकऱ्यांना’सारखा एखादा शब्द दोन्ही प्रकारे लिहिलेला, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.